श्वसन नाकात घडत नाही

दर वर्षी परीक्षेआधीचे काही आठवडे आमच्या इंदूरच्या घरी शेजारची अकरावी-बारावीची मुले जीवशास्त्राची उजळणी करायला येतात, आणि उजळणीचा आरंभ मी नेहमी एकाच प्रश्नाने करते : श्वसन म्हणजे काय? यंदाही ठरलेलेच उत्तर आले, की ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडणे म्हणजे श्वसन. एका मुलाने त्याला जोड दिली, की झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. पेपरात कदाचित अर्धे गुण मिळवून देणारी ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि शाळेतल्या जीवशास्त्राचा केवढा तरी भाग याच एका संकल्पनेवर उभा असल्यामुळे ती मला मनापासून खटकतात.

हवा आत-बाहेर करणे हा श्वासोच्छ्वास होय. श्वसन मात्र प्रत्येक जिवंत पेशीत, मग ती मेंदूतली असो किंवा कडुलिंबाच्या मुळाच्या टोकाची, अहोरात्र चालते. अन्नातली ऊर्जा थोडी थोडी सोडवून घेऊन ती एटीपी नावाच्या रेणूत साठवणे म्हणजे श्वसन. आमच्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण असते. शाळेत ती हिंदीतून ‘कोशिका’ आणि ‘सूत्रकणिका’ शिकतात, घरच्या मराठीत त्यांनाच ‘पेशी’ आणि ‘तंतुकणिका’ म्हणतात. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, त्यामुळे ‘पेशीश्वसन’ हे केवळ स्नायूंचे काम आहे, असा काहींचा प्रामाणिक समज होतो.

सुरुवातीचे टप्पे पाठ्यपुस्तकात व्यवस्थित दिलेले असतात, म्हणून ते थोडक्यात सांगते. ग्लुकोजचा रेणू पेशीद्रवात ऑक्सिजनशिवायच दुभंगतो आणि त्यातून निव्वळ 2 एटीपी मिळतात. उरलेले तुकडे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा सोडवणाऱ्या सूक्ष्म अंगकात, जाऊन क्रेब चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात पूर्णपणे मोडले जातात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो. या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो, श्वासातून नव्हे. मग श्वासातल्या ऑक्सिजनचे काय होते, हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारला की मला खरा आनंद होतो, कारण पुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे.

इंदूरकरांना तो समजावून द्यायला नर्मदेसारखे उदाहरण नाही. जलूदचे पंप वीज खर्चून नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढवतात आणि ते आपल्या नळांपर्यंत पोहोचते. उलट ओंकारेश्वरच्या धरणात अडवलेले पाणी खाली येताना टर्बाइन फिरवते आणि वीज निर्माण होते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात, म्हणजे पातळ पडद्यात, ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात. अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन एनएडीएच हा वाहक रेणू या पटलापाशी आणून देतो, आणि तिथल्या प्रथिनांच्या साखळीतून ते पायरी-पायरीने खाली उतरतात. उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर ही प्रथिने प्रोटॉन आतून बाहेर उपसतात, इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे सुमारे 10. शेवटच्या पायरीवर त्या इलेक्ट्रॉनांना स्वीकारायला ऑक्सिजन उभा असतो, आणि तो प्रोटॉनांसह त्यांना घेऊन पाणी बनतो. श्वासातल्या ऑक्सिजनचे काम एवढेच. पण तो नसला तर साखळी तुंबते आणि सगळे पंप थांबतात.

उपसलेल्या प्रोटॉनांमुळे पटलाच्या दोन बाजूंत सुमारे 150 मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटेल, परंतु पटलाची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर असल्याने तिथले विद्युतक्षेत्र प्रतिमीटर 3 कोटी व्होल्टच्या घरात जाते. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या भागाइतके क्षेत्र पुरते. या दाबाखाली प्रोटॉन परत आत येतात, ते एटीपी सिंथेज या विकरातून, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनातून; हेच इथले टर्बाइन. त्याचे चाक प्रोटॉनांच्या ओघाने खरोखर गरगर फिरते, सेकंदाला शंभराहून अधिक वेळा. माणसात या चाकाला 8 घटक असतात. म्हणजे 8 प्रोटॉन गेले की एक फेरा, आणि एका फेऱ्यात 3 एटीपी. चाकाचा कणा फिरताना विकराच्या दुसऱ्या टोकाच्या, एटीपी बनवणाऱ्या तीन कप्प्यांचे आकार आळीपाळीने बदलतो. आवळलेल्या कप्प्यात एटीपी जवळजवळ आपोआप जुळते, आणि ऊर्जा मुख्यतः लागते ती तयार झालेले एटीपी कप्प्यातून मोकळे करायला.

पीटर मिचेल यांनी प्रोटॉनांच्या या दाबाची कल्पना 1961 मध्ये मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. त्यांना नोबेल मिळाले 1978 मध्ये. कप्प्यांची उकल करणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 मध्ये. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी या कण्याला प्रथिनाचा चमकता धागा जोडून त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले.

एका ग्लुकोजमागे 38 एटीपी, हा अनेक पुस्तकांतला आकडा आता 30 ते 32 असा मानला जातो, कारण काही प्रोटॉन वाहतुकीवर खर्च होतात आणि काही पटलातून झिरपतात. तान्ह्या बाळाच्या तपकिरी मेदात तर ही गळती मुद्दाम केलेली असते : तिथे एक प्रथिन प्रोटॉनांना टर्बाइन टाळून आत सोडते आणि सगळ्या ऊर्जेची ऊब होते. थंडीत कुडकुडणे अजून न जमणारे बाळ स्वतःला उबदार ठेवते, ते याच मार्गाने.

आता झाडांचे. तंतुकणिका झाडांच्या पेशींतही असतात आणि त्या दिवसाउजेडी बंद पडत नाहीत. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन कितीतरी जास्त निघतो, म्हणून श्वसन झाकले जाते. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हा मोबाइलवर सतत फिरणारा संदेश खरा नाही. पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन मोकळा करायला प्रकाश लागतो, आणि पिंपळाबद्दलच्या आदराला अशा खोट्या आधाराची गरजही नाही. रात्री झाडाखाली झोपले तर जीव गुदमरतो, ही भीतीही तितकीच निराधार आहे : पाने रात्री जेवढा ऑक्सिजन घेतात, त्याची भरपाई मोकळी हवा सहज करते, आणि खोलीतल्या कुंडीतल्या रोपाहून शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरतो.