दुहेरी अक्षरांचं नाणं आणि पोलादाचा हट्ट

‘तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे? घरबसल्या लखपती व्हा!’ असले व्हिडिओ इतके बोकाळले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढावं लागलं. जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, आमच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका, असं बँकेने बजावलं. तरी लोकांकडून माझ्याकडे त्यांच्या नाण्यांचे फोटो येत राहतात. ‘बघा ना, आकडे डबल छापलेत, किती येतील?’ बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: नाण्यावर जेवढे लिहिलेत तेवढे.

मग खरंच मोलाची दुहेरी नाणी असतात ती कोणती? त्यासाठी नाणं नव्हे, नाणं पाडणारा ठसा पाहावा लागतो. संग्राहक त्याला सरळ ‘डाय’च म्हणतात. नाणं पाडताना चकती सरकली, छाप बाजूला पडली, तर तो त्या एका नाण्याचा अपघात. पण चूक डायमध्येच कोरली गेली असेल, तर ती डाय मोडेपर्यंत प्रत्येक नाण्यावर हुबेहूब तशीच उतरते. हिलाच ‘डाय व्हरायटी’ म्हणतात. म्हणून फोटोतलं नाणं व्हरायटी आहे असं म्हणायचं, तर तस्संच दुसरं नाणं कुठेतरी सापडायला हवं.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं नाणं म्हणजे १९५५ चा अमेरिकन एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सदोष डाय यंत्रावर चढली. चूक लक्षात येईपर्यंत ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती, आणि अख्खा ढीग वितळवण्यापेक्षा सोडून दिलेला बरा असं ठरलं. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी बाजारात गेली. सिगारेटचं पाकीट २३ सेंटना होतं, विक्रीच्या यंत्रात २५ सेंट टाकायचे, म्हणून सुटे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घालून देत. त्यातून ही नाणी लोकांच्या हाती आली, अशी हकीकत संग्राहक रंगवून सांगतात. नाण्यावरचं साल आणि कडेची अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोनदोन दिसतात. मधला लिंकनचा चेहरा मात्र एकच! असं का, यातच सगळी गंमत आहे.

नाण्यावरचं चित्र उठावाचं, म्हणून डायवर ते खोलगट आणि उलटं हवं. पूर्वी कारागीर प्रत्येक डाय हाताने कोरत. कारखानदारी आल्यावर युक्ती निघाली: नाण्यासारखंच सुलटं, उठावाचं चित्र असलेला एक कडक पोलादी ठोकळा करायचा आणि तो नरम पोलादात दाबून हव्या तेवढ्या डाय काढायच्या. या ठोकळ्याला ‘हब’ म्हणतात. पण एका दाबात चित्र पूर्ण उतरत नसे. पोलाद अर्ध्यातच अडून बसे.

का अडतं? धातू म्हणजे अणूंच्या शिस्तबद्ध रांगा, हे शाळेत झालेलं असतं. धातू वाकतो तेव्हा या रांगा एकमेकींवरून सरकतात. पण अख्खी रांग एकदम सरकवायला प्रचंड जोर लागला असता, प्रत्यक्षात लागतो त्याच्या शेकडो पट. सोय अशी की रांगांमध्ये जागोजागी गफलती असतात, एखादी ओळ मध्येच संपलेली असते. या गफलतीला डिसलोकेशन म्हणतात. मोठी सतरंजी जागेवरून ओढायची तर दोघे लागतात, पण तिला एक सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली की सतरंजी तेवढी सरकते. डिसलोकेशन ही धातूतली सुरकुती. ती फिरते म्हणून धातू आकार घेतो.

दाबताना नव्या सुरकुत्याही पडतात, भराभर. तापवून नरम केलेल्या धातूत दर चौरस सेंटीमीटरमधून साधारण १० लाख ते १० कोटी डिसलोकेशन जातात. थंड अवस्थेत भरपूर दाबल्यावर हाच आकडा १० हजार कोटी ते १ लाख कोटींवर जातो. मग त्या एकमेकींत अडकतात, एकीची वाट दुसरी अडवते, आणि धातू कडक होत जातो. तांब्याची तार दोनचार वेळा वाकवून सरळ करून पाहा, दर खेपेला हाताला जास्त जोर लागतो. तोच हा प्रकार. आणखी जोर लावला तर पोलाद वाकत नाही, तडकतं.

यावर उपाय म्हणजे अर्धी उठलेली डाय काढून भट्टीत तापवायची आणि सावकाश थंड होऊ द्यायची. उष्णतेने अणूंना हालचालीची मुभा मिळते, गुंता सुटतो, जुने ताणलेले स्फटिककण जाऊन त्यांच्या जागी नवे, निवांत कण वाढतात. पोलाद पुन्हा नरम. मग परत त्याच हबखाली ठेवून दुसरा दाब.

आणि घोळ होतो तो या दुसऱ्या दाबाच्या वेळी. डाय पहिल्या खुणेवर तंतोतंत बसली नाही, केंद्राभोवती एक अंशाने फिरली असं धरा. सरक किती पडेल? कोन गुणिले केंद्रापासूनचं अंतर. सेंटचा व्यास १९ मिलिमीटर, म्हणजे कडेची अक्षरं केंद्रापासून जवळजवळ ८ मिलिमीटरवर. एक अंश म्हणजे ०.०१७५ रेडियन. गुणाकार ०.१४ मिलिमीटर. दहापट भिंगातून हे दीड मिलिमीटरसारखं दिसतं, चुकायची सोयच नाही. केंद्रापासून एक मिलिमीटरवर मात्र सरक ०.०२ मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून लिंकन सुटला, साल आणि अक्षरं सापडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन टांकसाळ एकाच दाबात डाय उठवू लागली आणि दुहेरी डाय बंद होतील असं वाटलं. झालं उलटंच. आता दाबाच्या सुरुवातीला डाय किंचित कललेली असली की बरोबर मध्यभागी दुहेरी ठसा पडतो.

तुमच्या फोटोतलं दुहेरीपण बहुधा याहून वेगळं असतं. डाय यंत्रात ढिली बसली असेल तर ठोका पडल्यावर ती जरा घसरते आणि नुकतंच उठलेलं अक्षर कडेने चेपते. ओळखायचं कसं? खरी दुहेरी डाय असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर उठावाची असतात, अक्षर जाड झालेलं असतं आणि त्याच्या टोकांना माशाच्या शेपटीसारखी खाच दिसते. घसरलेल्या डायच्या नाण्यावर अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं, कारण पायरीचा धातू अक्षरातूनच गेलेला असतो. एकात भर, दुसऱ्यात तूट. या दुसऱ्या प्रकाराला संग्राहक दमडीही देत नाहीत.

ओघाने एक सांगून टाकतो. १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली राम-हनुमानाची, चमत्कारी म्हणून विकली जाणारी ‘तांदूळ ओढणारी’ नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडची बनावट आहे, आणि तांब्याला तांदूळ चिकटवणारी कुठलीही शक्ती नाही. त्यापायी जमिनी विकलेली माणसं आहेत.

आपल्याकडे अभ्यासाला खरा माल भरपूर आहे. १८६२ ते १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल राहिलं, कारण जुन्या सालाच्या नाण्यावर सराफ बट्टा कापत. मुंबईच्या टांकसाळीने मग सालाच्या जोडीला बारीक ठिपके टाकले, त्यावरून पाडल्याचं वर्ष लावलं जातं. १९११ च्या ‘डुक्कर’ रुपयाचा गवगवा जास्त होतो. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, नाणी परत घेतली, १९१२ पासून सोंड ठसठशीत आली. पण तो मूळ चित्रातलाच घोटाळा होता, एखाद्या डायचा नव्हे. माझा कल ठिपक्यांकडे.

आणि शिवराई, शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं! इथे हब नाहीच, प्रत्येक डाय हाताने कोरलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांनंतरही ती कितीतरी वर्षं पडत राहिली, पुढे दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची शिवराई आली. त्यामुळे कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’, कुठे पति ऱ्हस्व, कुठे दीर्घ. हातोड्याचा घाव थेट झेलणारी वरची डाय आधी झिजते, ऐरणीतली खालची जास्त टिकते. म्हणून एकाच खालच्या डायबरोबर वरच्या दोन-तीन डाय भेटतात आणि त्या जोड्यांवरून कोणतं नाणं आधीचं, कोणतं नंतरचं याची साखळी लावता येते. अडचण अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर सहसा मिळत नाही. एकाच डायच्या अनेक नाण्यांचे फोटो एकमेकांवर बसवले तेव्हा कुठे अख्खा ठसा समोर येतो.

हे जुळवताना वेलांटीची कड, एखादा ओरखडा, तडा गेलेल्या डायने नाण्यावर उठवलेली केसासारखी रेघ अशा खुणाच कामाला येतात. म्हणून घरात शिवराई सापडलीच तर तिला चिंच लावून घासू नका. चिंचेतलं आम्ल वरचा थर खातं आणि घासण्याने अक्षरांच्या कडा जातात. साध्या पाण्यात बुडवा, टिपून वाळवा आणि दिव्याचा उजेड तिरका पाडून दोन्ही बाजूंचा फोटो काढा.