पॉइंट: बिनमापाच्या शब्दाची मापं

फ्लॅटचं जुनं वायरिंग बदलायला काढलं की वायरमन आधी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारतो, बोटांवर काहीतरी मोजतो आणि सांगतो, “बत्तीस पॉइंट होतायत.” मजुरी त्यावरच ठरते. पण भिंतीवर बत्तीस नग शोधायला गेलात तर हिशेब जुळत नाही, कारण पॉइंट ही भिंतीवरची वस्तू नाही. स्विचबोर्डापासून दिव्याच्या होल्डरपर्यंतची वायर, ती ज्यातून जाते तो पाइप आणि तिला चालू-बंद करणारा स्विच, हे सगळं मिळून लाइटचा एक पॉइंट होतो. जिन्यातला दिवा खालून-वरून दोन्हीकडून लावायचा असेल तर दिवा एकच, पण स्विच दोन आणि मधल्या वायरी जास्त, म्हणून त्याचा दर वेगळा. दर ठरवताना वायर कोणाची आणि भिंतीला खाचा मारून पुन्हा बुजवणं त्यात धरलंय का, हे आधीच विचारून घ्यावं. भांडणं तिथेच होतात.

गंमत अशी, की ज्याला भागच नाहीत तो बिंदू, असं युक्लिड सांगून गेला. भूमितीतल्या बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. पुण्यात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याला दहा-बारा मीटर वायर लागते.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘पुंक्टुम’, म्हणजे टोचून पडलेली खूण. त्यापासून फ्रेंचमध्ये दोन शब्द झाले, एक ठिपक्यासाठी आणि एक अणकुचीदार टोकासाठी. इंग्रजीत येता येता दोघांची गाठ पडली आणि एकच ‘पॉइंट’ उरला. मराठीनं ही सरमिसळ कधी केली नाही. आपल्याकडे ठिपका वेगळा, टोक वेगळं, वादातला मुद्दा वेगळा, खेळातला गुण वेगळा. रेल्वेत रूळ बदलण्याची जागा म्हणजे सांधा, आणि तो सांभाळणारा सांधेवाला. सांध्याची हलणारी निमुळती पाती मुख्य रुळाला पूर्ण चिकटली पाहिजे. मध्ये ५ मि.मी. जाडीचा अडथळा ठेवला तर सांधा कुलूपबंद होता कामा नये, अशी चाचणी घेतात. इतका नेमका शब्द घरचा असताना तिथे पॉइंट म्हणायची गरज नाही. जिथे आपला शब्द नव्हता तिथे मात्र पॉइंट मुक्कामाला आला, आणि प्रत्येक धंद्यानं त्याला आपापलं माप दिलं.

वायरमनकडेच थोडं थांबू. साधा प्लग पॉइंट ६ अँपिअरचा, पॉवर पॉइंट १६ चा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. जाड पिनांना बारीक करणारा अॅडॉप्टर लावून तो साध्या पॉइंटवर चालवला तरी पाणी तापतं, आणि म्हणूनच माणूस फसतो. सॉकेटच्या आतली पितळी पाती सैल झाली की पिन नीट धरली जात नाही. त्या सांध्याचा रोध फक्त ०.०५ ओहम धरला, तरी करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशेबानं जवळजवळ ४ वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठत राहते. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं, वास येतो. १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, यात पडत नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो. बिघाड करंटमध्ये नसून पकडीत आहे. सॉकेट लगेच बदलावं, आणि गीझरसाठी ४ चौरस मि.मी.ची स्वतंत्र वायर ओढून घ्यावी.

गॅरेजमधला पॉइंटही असाच दोन धातूंच्या भेटीचा, पण त्याचं काम भेटीत नाही, ताटातुटीत आहे. आकुर्डीत बनलेल्या जुन्या चेतक अजूनही जपणारे लोक शहरात आहेत. त्यांना ‘पॉइंट साफ करून घ्या’ हे वाक्य पाठ असतं. इंजिनाच्या प्रत्येक फेरीला एक कॅम, म्हणजे उंचवटा असलेला फिरता भाग, हे दोन टोकांचे पॉइंट उघडतो. ते मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. उघडताक्षणी तो तुटतो, चुंबकी क्षेत्र ढासळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पूर्ण उघडल्यावर अंतर साधारण ०.३ ते ०.५ मि.मी. असावं, ते फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजतात. अंतर जास्त झालं की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी वेळेआधी पडते आणि किक उलटी बसते. कमी झालं की ठिणगी उशिरा, गाडी ओढत नाही. पॉइंट घासूनही आठवड्यात पुन्हा काळे पडत असतील तर घासत बसू नये, पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर बदलावा.

आता स्वयंपाकघर. पाठ्यपुस्तकातला उत्कलनांक, म्हणजे बॉइलिंग पॉइंट, पाण्यासाठी १०० अंश सेल्सिअस. तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यानं हवेचा दाब १०१३ ऐवजी ९५० मिलिबारच्या आसपास असतो आणि पाणी ९८ अंशांनाच उकळतं. सिंहगडावर, १३०० मीटरवर, ते ९६ च्याही खाली उकळतं. तिथे डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची तर वेळ हाताशी ठेवावा. कुकरमध्ये हा फरक जवळपास बुजतो: शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर आणखी साधारण एका वातावरणाचा दाब चढवतं, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या जवळ जातं आणि पुण्याच्या उंचीचा तोटा जेमतेम एक अंश उरतो. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासताना त्यानं ९८ दाखवलं म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. तपासायचाच तर ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालावं, दोन-तीन मिनिटं ढवळावं आणि शून्य येतं का पाहावं. बर्फ वितळण्याच्या तापमानाला शहराच्या उंचीनं म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

ड्यू पॉइंटचं भाषांतर करताना मात्र आपणच घोटाळा केला. ‘दवबिंदू’ म्हणजे गवताच्या पात्यावरचा थेंब, तोच शब्द हवामानशास्त्रात एका तापमानाचं नाव झाला. म्हणून पाठ्यपुस्तकं ‘दवबिंदू तापमान’ असं लिहितात, ते बरं. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं (शिवाजीनगरच्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात), तेव्हा या शहरात हा शब्द तरी सगळ्यांना नेमका कळायला हवा. हवा जितकी थंड केल्यावर तिच्यातली वाफ मावेनाशी होते, ते हे तापमान.

घरी मोजता येतं. चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्या, बर्फाचे छोटे तुकडे एकेक टाका आणि थर्मामीटरनं हलवत राहा. बाहेरून पेला धुरकट झाला की आकडा टिपा. मग बर्फ काढून टाका, धुरकटपणा जाईल तेव्हाचा आकडा टिपा आणि दोन्हींची सरासरी काढा. तोंड लांब ठेवा, नाहीतर श्वासातल्या वाफेचं मोजमाप होईल. जुलैत हा आकडा २० अंशांच्या आसपास लगेच सापडतो; एप्रिलच्या कोरड्या दुपारी बर्फ संपत येतो तरी पेला कोरडाच. आर्द्रतेची टक्केवारी उन्हाबरोबर दिवसभर खालीवर होते; हवेत वाफ तेवढीच असेल तर दवबिंदू हलत नाही, म्हणून घामाचा अंदाज घ्यायला तो जास्त भरवशाचा.

छपाईतला पॉइंट आता कॉम्प्युटरवर १/७२ इंच, म्हणजे ०.३५ मि.मी. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांच्या काळापासून तो अक्षराचा नसून खिळ्याच्या अंगाचा मोजतात. वेलांटी, रफार, उकार यांना वरखाली जागा सोडावी लागते, म्हणून १२ पॉइंटचा मराठी मजकूर शेजारच्या इंग्रजीपेक्षा बारीक दिसतो. डीटीपीवाल्यानं फॉन्ट बदलला आणि पॉइंट तोच ठेवला तरी पुस्तकाची पानं वाढू शकतात, ती याच कारणानं.

सगळ्यात महागडा गोंधळ लक्ष्मी रोडवर, सराफाच्या दुकानात होऊ शकतो. हिऱ्याचा एक पॉइंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. कॅरट २०० मिलिग्रॅम, म्हणून पॉइंट २ मिलिग्रॅम. दहा पॉइंटचा गोल हिरा साधारण ३ मि.मी. व्यासाचा, आणि दहापट वजनाचा एक कॅरटचा हिरा फक्त साडेसहा मि.मी.चा, कारण वजन व्यासाच्या घनानं वाढतं. पण दशांश चिन्हालाही आपण पॉइंटच म्हणतो. त्यामुळे ‘पॉइंट पाच’ म्हणजे अर्धा कॅरट आणि ‘पाच पॉइंट’ म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. किंमत तर दहापटीहूनही जास्त बदलते, कारण मोठ्या हिऱ्याचा दर कॅरटमागेही चढा असतो. पावतीवर शब्दात काहीही असो, ०.०५ किंवा ०.५० कॅरट असं आकड्यात, दशांशाच्या दोन्ही घरांसह लिहून घ्यावं.