रहाट आणि गोफण : टर्बोचार्जर घ्यावा की सुपरचार्जर?

वेगवान मोटार घेऊ पाहणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर या इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या दोन यंत्रांविषयी एक समज इतक्या वेळा कानी पडतो, की त्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडून वाया जाणाऱ्या वायूंवर चालतो, म्हणून त्याची ताकद फुकट, पण तो उशिरा जागा होतो. सुपरचार्जर इंजिनाने फिरवलेल्या पट्ट्यावर चालतो, म्हणून तो इंजिनाची ताकद खातो, पण ॲक्सिलरेटरचे पेडल दाबताक्षणी हजर असतो, असा तो समज. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. यंत्राला फिरवते कोण, एवढेच पाहून भागत नाही. ते यंत्र हवा कोणत्या रीतीने ढकलते, हेही पाहावे लागते.

आधी हवेचा हिशोब मांडू. दीड लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्याचे सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा भरतात, म्हणजे मिनिटाला ४५०० लिटर हवा आत जाते. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअस तापमानात या हवेचे वजन सुमारे सव्वापाच किलो भरते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, म्हणून या इंजिनाला मिनिटाला सुमारे ३६० ग्रॅमच पेट्रोल जाळता येईल आणि त्यातील ऊर्जेचा ३० टक्के भाग चाकांच्या कामी आला असे धरले, तर १०५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद मिळेल. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे टर्बो बसवलेले दीड लिटरचे इंजिन मात्र १५० अश्वशक्ती देते. जादा पेट्रोल ओतणे पंपाला अवघड नसते. अडते ते हवेपाशी, आणि तेवढ्याच जागेत अधिक हवा कोंबण्यासाठीच ही दोन्ही यंत्रे जन्माला आली.

आता रहाटाकडे वळू. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचा सर्वांत जुना प्रकार रूट्स पद्धतीचा आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार अस्तित्वातही नव्हती. हे यंत्र पुढे भट्ट्यांना वारा घालण्यासाठी वापरले गेले. त्यात एकमेकांना न शिवता फिरणारे दोन पाकळीदार दंड असतात, आणि पाकळी व भिंत यांच्यामधल्या पोकळीत सापडलेली हवा पलीकडे नेऊन टाकली जाते. रहाटगाडग्याचा बैल कितीही संथ चालला, तरी प्रत्येक गाडगे भरूनच वर येते. तसे येथे प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे सरकते. इंजिन जेवढी हवा गिळू शकते त्याहून जास्त हवा हे यंत्र पाठवत असल्याने फटींतून होणारी थोडी गळती सोडली, तर अगदी कमी फेऱ्यांवरही दाब तयार असतो.

टर्बोचार्जरची रीत गोफणीची आहे. त्याचे पात्यांचे चाक हवा मधोमध ओढून घेते, गरगर फिरवून कडेने बाहेर फेकते, आणि पुढच्या रुंदावत जाणाऱ्या मार्गात तिचा वेग मंदावताना त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. चार सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला दीड लाख फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३१४ मीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ. हवेला मिळणारी ऊर्जा या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली या एका नियमात आहे. फेरे निम्मे झाले की ऊर्जा एक चतुर्थांश उरते. हळू फिरवलेल्या गोफणीतून दगड पायाशीच पडावा, तसे हळू फिरणारे हे चाक जवळजवळ काहीच दाब देत नाही.

आणि येथेच त्या प्रचलित समजाला तडा जातो, कारण पट्ट्यावर चालणारे काही सुपरचार्जरही गोफणीच्या जातीचेच असतात. त्यांचे चाक पट्ट्याने इंजिनाच्या फेऱ्यांना कायमचे बांधलेले असते, म्हणून ६००० फेऱ्यांवर ०.८ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) जादा दाब देणारे असे यंत्र ३००० फेऱ्यांवर जेमतेम ०.२ बार देते. पेडल कितीही जोराने दाबले तरी त्यात फरक पडत नाही. टर्बोला असे बंधन नाही. इंजिन २००० फेऱ्यांवर असतानाही बाहेर पडणाऱ्या वायूंत पुरेशी ऊर्जा असेल, तर त्याचे चाक लाखावर फेरे गाठू शकते. व्हर्टसचे इंजिन २५० न्यूटन-मीटरचे कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १६०० फेऱ्यांपासूनच देते, ते यामुळेच. त्याला वेळ मात्र लागतो. किती फेऱ्यांपासून दाब मिळू शकतो आणि पेडल दाबल्यापासून तो मिळेपर्यंत किती क्षण जातात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टर्बो लॅग म्हणतात ते दुसऱ्या प्रश्नाला, पण बोलताना दोन्हींची सरमिसळ होते.

हा वेळ कशावर ठरतो, ते पाहण्यासारखे आहे. आकार तोच ठेवून चाक लहान केले, तर त्याचे जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरण्याच्या वेगातील बदलाला होणारा विरोध, व्यासाच्या पाचव्या घाताने घटते. लहान चाकाला कडेचा तोच वेग गाठण्यासाठी अधिक फेरे घ्यावे लागतात हे खरे, पण ते जमेस धरूनही त्याला फिरते करण्यासाठी लागणारी ऊर्जा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास २० टक्क्यांनी कमी केला, की ०.८ चा घन ०.५१, म्हणजे ऊर्जा जवळपास निम्मी लागते. लहान टर्बो चटकन जागा होतो तो या गणितामुळे, आणि वरच्या फेऱ्यांवर त्याचा दम तोकडा पडतो, कारण तेवढ्या लहान वाटेने जास्त हवा जाऊ शकत नाही.

फुकट ताकदीचा मुद्दाही तपासायला हवा. टर्बाइन, म्हणजे या वायूंनी फिरणारे टर्बोचे दुसरे चाक, वाटेत उभे असल्याने जळालेले वायू बाहेर ढकलताना पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे टर्बोचीही किंमत मोजावी लागते. मात्र एरवी हवेत विरून जाणाऱ्या उष्ण वायूंच्या प्रसरणातून त्याहून बरेच अधिक काम पदरात पडते. पट्ट्याची किंमत उघड दिसते. डॉज चॅलेंजर हेलकॅट या अमेरिकी मोटारीच्या ६.२ लिटर इंजिनाची ताकद सुरुवातीला ७०७ अश्वशक्ती होती, आणि पूर्ण जोरात असताना तिचा सुपरचार्जर एकटा सुमारे ८० अश्वशक्ती घेत असे. तो तर स्क्रू पद्धतीचा, म्हणजे हवा आतल्या आत दाबत नेणारा, अधिक कार्यक्षम प्रकार आहे. रूट्सच्या यंत्रात हवा आत दाबली जात नाही. पाकळी दाराशी पोहोचताच पलीकडची दाबलेली हवा उलट आत घुसते आणि मग सगळी मिळून बाहेर लोटावी लागते. दाब दुप्पट करायचा असेल, तर गळती शून्य धरूनही रूट्सला आदर्श यंत्रापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक काम करावे लागते, आणि हे जादा काम हवा तापवण्यात जाते.

हवा तापणे कोणालाच चुकत नाही. ३० अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या यंत्राने दुप्पट दाबावर नेली, तर ती सुमारे १२५ अंशांवर जाते आणि तिची घनता दुप्पट न होता दीडपटच होते. इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने, ती ५० अंशांवर आणली की १.९ पटीच्या जवळ पोहोचते. चांगल्या इंटरकूलरशिवाय दोहोंपैकी काहीही बसवणे मला पटत नाही.

ऑनलाइन बाजारात ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ या नावाने विकले जाणारे १२ व्होल्टचे पंखे घेऊन कोणी फसू नये. वरच्याच दीड लिटर इंजिनात हवा दीडपट दाबाने भरायची, तर आदर्श यंत्रालाही सुमारे पावणेपाच किलोवॅट शक्ती हवी, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ४०० अँपिअर. तो पंखा पाच अँपिअर घेत असेल, तर ६० वॅटच्या जोरावर तो वाटेत अडथळा होण्यापलीकडे काही करत नाही. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या लोहचुंबकांची गत याहून निराळी नाही.

दोन्ही रीती एकत्र करूनही पाहिल्या गेल्या. फोक्सवॅगनने २००५ साली गोल्फ जीटीच्या १३९० घन सेंटिमीटरच्या इंजिनात खालच्या फेऱ्यांसाठी रूट्स आणि वरच्या फेऱ्यांसाठी टर्बो बसवून १७० अश्वशक्ती मिळवली. फेरे ३५०० च्या वर गेले, की विद्युतचुंबकी क्लच सुटून रूट्स थांबत असे. रचना मला आजही सुंदर वाटते, पण ती महाग आणि गुंतागुंतीची होती, आणि लहान टर्बो सुधारत गेल्यावर नव्या पिढीच्या इंजिनांत एकटा टर्बोच उरला.

म्हणून आजच्या दीड-दोन लिटरच्या मोटारीसाठी माझा कौल लहान टर्बोला आहे. इंजिन मोठे असेल, इंधनाची चिंता नसेल आणि पेडलाला क्षणाचाही विलंब नको असेल, तरच रूट्स किंवा स्क्रू सुपरचार्जर घ्यावा. गोफणीच्या जातीचा, पट्ट्यावरचा सुपरचार्जर फक्त वरच्या फेऱ्यांत रमणाऱ्यांनी. चाचणीसाठी गाडी हातात आली, की मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांवर स्थिर चालवून पेडल पूर्ण दाबावे, आणि पाठीला रेटा जाणवेपर्यंत किती वेळ जातो ते मनात मोजावे. मग तेच १५०० फेऱ्यांवर करून पाहावे. दुसऱ्या खेपेला वेळ थोडासाच वाढला, तर चाक इंजिनाला साजेसे लहान आहे. रेटा फेरे वाढेपर्यंत आलाच नाही, तर घाटातल्या प्रत्येक वळणानंतर तीच वाट पाहावी लागेल.