आरसीएस चालू आहे, पण कुलूप दिसतंय का?

आरसीएस आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात. आरसीएस ही संदेश पोचवण्याची पद्धत आहे. एसएमएसच्या जागी ती इंटरनेट वापरते, मोठे फोटो नेते, संदेश वाचल्याची खूण दाखवते. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांतच भरतो आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ती कटकट इथे नाही. पण मजकूर कोण वाचू शकतो, हा प्रश्न निराळा.

साध्या आरसीएसमध्ये फोन ते सर्व्हर एवढीच वाट बंदिस्त असते. सर्व्हरवर मजकूर उघडा असतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मजकूर कुलूपबंद होऊन जातो आणि तो उघडायच्या किल्ल्या फक्त बोलणाऱ्यांच्या फोनांत राहतात, मधला कोणी वाचू शकत नाही. कोण कोणाला कधी लिहितो, हे मात्र कुलपाने झाकलं जात नाही.

इंदुरात रामबागेतल्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप घ्या. सगळ्यांकडे अँड्रॉइड, गूगल मेसेजेस आणि आरसीएस चालू, तर पाठवण्याच्या बटणावर एंड-टू-एंडची खूण म्हणून इवलंसं कुलूप दिसतं. त्यात आयफोनवाले खजिनदार आले की ते जाऊ शकतं, आणि नेमके वर्गणीच्या बँक खात्याचे तपशील तिथेच फिरत असतात! कारण असं, की गूगलचं कुलूप सिग्नल प्रोटोकॉल या एन्क्रिप्शनच्या पद्धतीवर आधारलेलं आणि त्यांच्या ॲपपुरतं होतं. आरसीएसच्या मूळ मानकात, म्हणजे सगळ्यांसाठीच्या नियमावलीत, ते नव्हतं. ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत आरसीएस घेतलं ते कुलपाविनाच. मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने एमएलएस या ग्रुपसाठीच्या एन्क्रिप्शन पद्धतीवर आधारलेलं एन्क्रिप्शन मानकातच आणलं. एमएलएसमध्ये कोणी ग्रुप सोडला की किल्ली बदलते. मात्र दोन्ही टोकांची ॲप्स आणि मोबाइल कंपनी ते चालवत असतील तरच उपयोग.

म्हणून तपासायचं असं: गूगल मेसेजेसमध्ये प्रोफाइल फोटो, मग सेटिंग्ज, मग आरसीएस चॅट्स. स्थिती 'कनेक्टेड' हवी. पण त्यावरून फक्त आरसीएस चालू असल्याचं कळतं. कुलूप प्रत्येक संभाषणात वेगळं पाहावं लागतं. दोघांतच बोलणं असेल तर संभाषणाच्या तपशिलात सुरक्षा कोड मिळतो. तो समोरच्याला फोनवर वाचून दाखवा, आकडे जुळले पाहिजेत.

आरसीएस चॅट्समध्येच संदेश अडकल्यास तो आपोआप एसएमएस म्हणून पाठवण्याचा पर्याय असतो. तो बंद ठेवलेला बरा. नाहीतर नेट गेलं की तोच मजकूर एसएमएसने निघू शकतो, आणि एसएमएस मोबाइल कंपनीला सरळ वाचता येतो.