भाजलेल्या रुग्णांमधील रक्ताचा जंतुसंसर्ग

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या जखमेतून, फुप्फुसांतून किंवा शिरेत घातलेल्या नळीवाटे जीवाणू रक्तात शिरतात व तेथे टिकून राहतात, त्या स्थितीला ही संज्ञा लावतात. भाजल्यानंतरचे पहिले काही दिवस निभावलेला रुग्ण पुढे दगावतो, त्यामागे बहुधा जंतुसंसर्गच असतो.

ताजी जखम जवळजवळ निर्जंतुक असते. पण केसांच्या मुळांशी व घर्मग्रंथींत तग धरून राहिलेले स्टॅफिलोकोकस हे जीवाणू साधारण ४८ तासांत जखमेवर पसरतात. आठवडाभरात स्यूडोमोनास एरुजिनोसा, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हे जीवाणू येऊन मिळतात: काही रुग्णाच्याच आतड्यातून, काही देखभाल करणाऱ्यांच्या हातांवरून, तर काही ओलसर उपकरणांवरून. जळालेल्या त्वचेचा मृत थर दमट आणि प्रथिनयुक्त असतो. त्यात रक्तवाहिन्या मात्र उरलेल्या नसतात. त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविकही पोचत नाही. या आजाराचे मर्म इथेच आहे.

निदान अवघड असते. मोठ्या जळितात चयापचय इतका वाढतो, की संसर्ग नसतानाही ताप राहतो आणि नाडी जलद चालते. म्हणून अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये वेगळे निकष सुचवले. ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६.५ च्या खाली, वाढत जाणारी नाडी, चढलेली साखर, बिंबाणूंची (प्लेटलेट्सची) घट, नळीने दिलेले अन्न न पचणे अशा खुणा त्यात एकत्र पाहिल्या जातात. रुग्णाची अवस्था कालच्यापेक्षा आज बिघडली का, हे रोज पाहणारी नजर कोणत्याही एका आकड्याहून मोलाची ठरते. रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावे.

उपचारात मृत त्वचा लवकर कापून काढणे व त्वचारोपण करणे यांना पहिले स्थान आहे. स्लोव्हेनियातील शल्यचिकित्सक झोरा यानझेकोविच यांनी १९७० मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. जखमेवर चांदीयुक्त मलम किंवा ड्रेसिंग वापरतात. संसर्ग नसताना केवळ खबरदारी म्हणून दीर्घकाळ प्रतिजैविके दिल्यास औषधांना न जुमानणारे जंतूच उरतात. संसर्ग झाल्यावर मात्र मात्रा कमी पडण्याचा धोका असतो, कारण अशा रुग्णांची मूत्रपिंडे अनेकदा औषध नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकतात; सोय असेल तिथे रक्तातील औषधाची पातळी मोजून मात्रा ठरवतात.