मालक न सांगता घरात येतात? भाडेकरूंसाठी माहितीपत्रक

इंदूरच्या रामबागेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या एक ताई करार वाढवायला आमच्याकडे आल्या होत्या. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्यांच्या मोरीबाहेर. नर्मदेचं पाणी आलं की मालकांकडचं कुणीतरी दुसरी किल्ली लावून थेट आत. मनात वाईट काही नाही, टाकी भरायची एवढंच. पण एकदा ताई न्हाऊन बाहेर आल्या, तर समोर मालकांचा मुलगा उभा. आतली कडी ढिली होती, म्हणून तेव्हापासून त्या दाराला खुर्ची लावून आंघोळीला जात. भाडं भरणाऱ्या कुणालाही असं राहावं लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

घर मालकांचंच, पण भाड्यानं दिलं की मुदत संपेपर्यंत त्याचा ताबा तुमचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, भाडं वेळेवर भरणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. त्याच कलमात मालकांचाही हक्क आहे. योग्य वेळी येऊन घराची अवस्था पाहणं आणि मोडतोड दिसली तर तशी नोटीस देणं, हे त्यांना करता येतं. मोडतोड तुमच्या हातून झाली असेल तर नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत ती दुरुस्त करून द्यावी लागते. करारात वेगळं काही ठरलं असेल तर मात्र करार चालतो, म्हणून सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

अडचण ‘योग्य वेळ’ या शब्दांत आहे. किती तास आधी सांगायचं, ते या कलमात नाही. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये ते स्पष्ट आहे: किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवर सूचना, तीत कारण, दिवस आणि वेळ, सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, आग, पूर अशा आपत्तीत सूट. हा नमुना कायदा आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातली अट आपल्या करारात घालायला कुणाची आडकाठी नाही. आमच्या ११ महिन्यांच्या करारात आम्ही ती अशी लिहितो:

‘मालक किंवा त्यांचा माणूस २४ तास आधी कळवून, भाडेकरूच्या सोयीच्या वेळी, दिवसाउजेडी घरात येईल. आग, पाणी फुटणे, शॉर्टसर्किट अशा प्रसंगी लगेच येता येईल. भाडेकरू घरी नसल्यास आधी फोन करावा. दुसरी किल्ली एरवी वापरली जाणार नाही.’

ताईंच्या करारात आणखी एक ओळ घातली: पाण्याच्या दिवशी आधी फोन, मग बेल, आणि येणार फक्त मालकीणबाई. मालकांनी ती आनंदानं मान्य केली. बहुतेक घरमालक भले असतात; त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तरीही कुणी न सांगता आलंच, तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसह सभ्य शब्दांत लिहून ठेवा. पुढे तोच पुरावा. रागानं भाडं मात्र थांबवू नका. भाडं थकलं की वर सांगितलेलं संरक्षण लंगडं पडतं आणि घर खाली करवायला मालकांना कारण मिळतं. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं कुणी घुसलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तो गृह-अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो, मग घुसणारा घराचा मालक का असेना. खोलीत किंवा बाथरूममध्ये लपवलेला कॅमेरा दिसला तर त्याला हात न लावता फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. तुमच्या मागे कुलूप बदलून बाहेर काढलं असेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो.

भंवरकुआच्या बाजूला कोचिंगसाठी पीजीत राहणाऱ्या मुलामुलींनी जास्त जपावं. तिथे बहुधा भाडेपट्टा नसतो, नुसती राहण्याची परवानगी असते, त्यामुळे कलम १०८ चा आधार सरळ मिळत नाही. खोलीत कोण, कधी, कशासाठी येणार, हे अनामत देण्याआधीच लिहून घ्या. आईवडिलांनीही हे विचारावं.

करार करायला किंवा वाढवायला येताना जुना करार, भाडं भरल्याच्या पावत्या आणि घराच्या किती किल्ल्या कुणाकडे आहेत याची चिठ्ठी आणा. घरात येण्याबद्दलची ही अट घालायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.