दुसरा राउटर जोडताना

टोकाच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून घरात दुसरा राउटर येतो, आणि मग प्रिंटर दिसेनासा होतो, कॅमेऱ्याचं ॲप लटकतं, कधी इंटरनेटच बंद पडतं. दोष बहुधा यंत्राचा नसतो. एकाच घरात दोघं राउटिंग करू लागलेले असतात.

घरचा राउटर तीन कामं करतो. डीएचसीपीने प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो, नॅटने हे सगळे खासगी पत्ते बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवतो आणि वाय-फाय पसरवतो. दुसऱ्या राउटरकडून आपल्याला फक्त शेवटचं काम हवं असतं.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळे अनेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. असे दोन जोडले, की दुसऱ्याला वॅन (इंटरनेटकडची बाजू) आणि लॅन (घरातल्या उपकरणांकडची बाजू) दोन्हीकडे तेच नेटवर्क दिसतं. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कुठे पाठवायचं हे त्याला ठरवता येत नाही. पत्ते वेगळे असले तर इंटरनेट चालतं, पण नॅट दोनदा होतं. मग दुसऱ्या राउटरमागचा प्रिंटर पहिल्यावरच्या लॅपटॉपला सापडत नाही आणि पहिल्यावर केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) दुसऱ्यापाशी अडतं.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्याचा पर्याय, असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर दुसरा राउटर मुख्य राउटरला न जोडता, लॅपटॉपला केबलने जोडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून, आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. मुख्य राउटरची डीएचसीपीने पत्ते वाटण्याची मर्यादा १९२.१६८.१.१०० ते २०० अशी ठेवा, म्हणजे .२ हा पत्ता दुसऱ्या कुणाला जाणार नाही. शेवटी मुख्य राउटरची केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट रिकामाच राहू द्या; सर्वाधिक चूक इथेच होते. आता दुसऱ्याच्या वाय-फायला फोन जोडून गेटवे, म्हणजे फोन ज्यातून इंटरनेटवर जातो त्या राउटरचा पत्ता, पाहा. तो १९२.१६८.१.१ हवा; .२ दिसला तर दुसऱ्याचं डीएचसीपी अजून चालूच आहे.

वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार दोन्हींवर तंतोतंत सारखे ठेवा, चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्झ व्यापतो, म्हणून १, ६ आणि ११ हेच एकमेकांत मिसळत नाहीत. ३ किंवा ४ निवडला तर १ आणि ६ दोन्हींवरच्या गोंगाटाचा त्रास होतो. इथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. ४० केली की जवळजवळ सगळा पट्टा व्यापला जातो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, त्यामुळे ८० चालते. तिथल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला प्राधान्य असतं. राउटर सुरू होताना किमान मिनिटभर नुसता ऐकतो आणि रडार जाणवलं तर चॅनेल सोडतो. वाय-फाय अधूनमधून अचानक तुटत असेल तर ३६ वर आणून पाहा.

एवढं करूनही फोन दूरच्या राउटरला चिकटून राहतो, कारण कधी बदलायचं हे फोनच ठरवतो. अशा वेळी त्या राउटरची ट्रान्समिट पॉवर कमी करा. त्याचा सिग्नल लवकर क्षीण झाला, की फोन जवळचा राउटर शोधू लागतो.